इम्प्लांटचा दात स्वच्छ आणि डागमुक्त कसा ठेवायचा

इम्प्लांटचा दात, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूवर कॅप चढवून केलेला दात, किडत नाही. हे खरं आहे, आणि नेमकं हेच ऐकून बरेच जण त्या दाताकडे दुर्लक्ष करतात. झिरकोनियाच्या (कठीण पांढऱ्या सिरॅमिकच्या) किंवा पोर्सिलेनच्या (चिनी मातीच्या) कॅपला आणि टायटॅनियमच्या स्क्रूला कीड लागत नाही, पण चहाचा थर, किटण आणि जंतूंचा चिकट पापुद्रा त्यांच्यावरही बसतो. शिवाय दात नवा असला तरी त्याभोवतीची हिरडी आणि हाड तुमचंच असतं. म्हणून डाग दिसला की लगेच घासायला सुरुवात करू नका. तो नेमका कुठे आणि कशावर पडलाय ते आधी बघा, कारण उपाय त्यावरच ठरतो.

डाग ओळखणं

औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन तोंडात घालायचा छोटा गोल आरसा मिळतो. तो कोमट पाण्यात बुडवून घेतला की त्यावर वाफ धरत नाही. मोबाइलचा टॉर्च लावून दात बाहेरून, जिभेच्या बाजूने आणि चावायच्या बाजूने, असा तिन्हीकडून पाहा.

हिरडीच्या कडेला पिवळी किंवा तपकिरी रेघ दिसली तर ते बहुतेक किटण असतं. खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू इथे ते लवकर धरतं, कारण लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात आणि लाळेतले क्षार मऊ थरात साचून तो दगडासारखा घट्ट होतो. एकदा घट्ट झालं की ब्रशने निघत नाही. नखाने किंवा टाचणीने तर ते कधीच खरवडू नये.

इम्प्लांटच्या दाढेच्या मधोमध गोल, तपकिरी कडेचा ठिपका दिसला की लोक हमखास घाबरतात. तो किडीचा नसतो. काही कॅप सिमेंटने न चिकटवता आणखी एका छोट्या स्क्रूने इम्प्लांटवर बसवतात. त्या स्क्रूकडे जाणारं भोक वरून दातरंगी कंपोझिटने, म्हणजे दात भरायच्या मसाल्याने, बुजवलेलं असतं. कंपोझिट हळूहळू रंग शोषतं, आणि त्याच्या कडेला चहा-हळद जाऊन बसते. घरी कितीही घासलं तरी हा डाग जाणार नाही. डॉक्टर जुनं कंपोझिट काढून नवं भरतात. ते छोटं काम आहे आणि त्याला भूल लागत नाही.

हिरडीच राखाडी दिसत असेल तर तो डाग नाही. हिरडी पातळ असली की आतल्या धातूची सावली बाहेर दिसते. हिरडी खाली सरकल्यामुळे धातूची बारीक पट्टी उघडी पडली असेल, तर मात्र ती डॉक्टरांना दाखवायलाच हवी.

आणखी एक शक्यता असते. कॅप आहे तशीच असते आणि शेजारचे खरे दात वयाने, चहाने पिवळे पडलेले असतात, त्यामुळे कॅप वेगळी उठून दिसते. उलटंही होतं: ब्लीचिंगने बाकीचे दात उजळतात आणि कॅप मळकट वाटायला लागते. ब्लीचिंगचं पेरॉक्साइड चिनी मातीचा रंग बदलू शकत नाही. म्हणून दात उजळून घ्यायचे मनात असेल तर ते कॅप बनवायच्या आधी करा. ब्लीचिंग संपल्यावर किमान दोन आठवडे थांबा, रंग स्थिर होऊ द्या आणि मगच कॅपची छटा जुळवून घ्या.

कॅप कशाची आहे?

हा प्रश्न डॉक्टरांना विचारून उत्तर लिहून ठेवा. चकाकी शाबूत असलेल्या झिरकोनियावर आणि पोर्सिलेनवर डाग फक्त वरवर बसतो आणि पॉलिशिंगने निघतो. अॅक्रिलिक (एक प्रकारचं प्लास्टिक) आणि कंपोझिट मात्र रंग आत शोषून घेतात. तात्पुरती कॅप बहुधा अॅक्रिलिकचीच असते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत ती पिवळट झाली तर काळजी नको. पक्की कॅप तशी वागणार नाही. अख्ख्या जबड्याच्या फिक्स दातांत गुलाबी हिरडीचा भाग अनेकदा अॅक्रिलिकचा असतो आणि डाग पडायला तिथूनच सुरुवात होते.

रोजचं काम

अगदी मऊ केसांचा, छोट्या डोक्याचा ब्रश घ्या. केस हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत टेकवा, जागच्या जागी हलकेच थरथरवा, मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवा. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन मिनिटं. जोर लावू नका. ब्रशचे केस तीन महिन्यांच्या आतच पसरत असतील तर तुम्ही जास्त दाबताय. इलेक्ट्रिक ब्रश चालतो, फक्त त्यालाही मऊ डोकंच हवं.

पण मोठा ब्रश जिथे पोचायला हवा तिथेच पोचत नाही. खालच्या जबड्यातली पहिली दाढ साधारण ११ मिलिमीटर रुंद असते, आणि तिच्याखालचा स्क्रू असतो जेमतेम ४ ते ५ मिलिमीटर जाडीचा. खऱ्या दाढेला खाली दोन रुंद मुळं असतात. इथे एका काठीवर छत्री उघडल्यासारखा आकार असतो. त्या छत्रीखाली शेवयांचा तुकडा, पोहे, मांसाचे धागे अडकतात आणि पापुद्राही तिथेच साचतो. म्हणून आणखी दोन साधनं लागतात.

पहिलं म्हणजे एकाच झुपक्याचा छोटा ब्रश. तो सिंगल टफ्ट नावाने मिळतो. आरशात बघत कॅपच्या मुळाशी, हिरडीच्या कडेकडेने, विशेषतः जिभेच्या बाजूने फिरवा. शेवटच्या दाढेच्या मागच्या बाजूला याच्याइतकं सोपं साधन नाही.

दुसरं इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दातांच्या फटीत घालायचा बारीक, बाटली धुवायच्या ब्रशासारखा दिसणारा ब्रश. घेताना त्याच्या तारेवर प्लास्टिकचं आवरण आहे का ते बघा. उघडी तार टायटॅनियमला ओरखडते, आणि खरखरीत जागेवर जंतू लवकर घर करतात. माप असं निवडा की ब्रश फटीतून जाताना केस थोडे अडतील पण तार कुठेही घासणार नाही. एकाच तोंडात दोन-तीन वेगवेगळी मापं लागू शकतात. पहिल्यांदा दवाखान्यात बसूनच मापं ठरवून घेतलेली बरी. सरळ आत घाला, चार-पाच वेळा पुढेमागे करा, आत असताना पिळू नका. वापरून झाला की धुऊन वाळवा. केस झडले किंवा तार वाकली की टाकून द्या, रोजच्या वापरात तो एक-दोन आठवडे टिकतो.

सुरुवातीचे तीन-चार दिवस हिरडीतून थोडं रक्त आलं तर थांबू नका. बहुतेक वेळा ती सूज मळामुळेच असते आणि रोजच्या सफाईने उतरते. दोन आठवड्यांनंतरही रक्त येतच असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

फ्लॉस: कुठे वापरायचा, कुठे नाही

दोन-तीन दातांचा ब्रिज, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कॅपची पट्टी, इम्प्लांटवर असेल तर सुपरफ्लॉस उपयोगी पडतो. त्याच्या एका तुकड्याचे तीन भाग असतात: ओवायला कडक टोक, मधला स्पंजासारखा फुगीर भाग, आणि साधा दोरा. कडक टोक गालाच्या बाजूने ब्रिजखाली ओवून जिभेकडून बाहेर काढा. फुगीर भाग इम्प्लांटच्या मानेशी आणा, तिला अर्धा वेढा द्या आणि बूट पॉलिश करताना फडकं ओढतात तसं हलक्या हाताने चार-पाच वेळा पुढेमागे ओढा. नंतर एक टोक सोडून दोरा बाजूने ओढून काढा, वर उचकटू नका.

हिरडी खाली सरकून स्क्रूचे आटे उघडे पडले असतील तिथे मात्र फ्लॉस वापरूच नका. खरखरीत आट्यांत दोऱ्याचे तंतू तुटून अडकतात. ते दिसत नाहीत, पण त्यांच्याभोवती जंतू साचून हिरडी सुजते आणि हाड झिजायला लागतं. स्वच्छतेसाठी केलेल्या गोष्टीनेच नुकसान होतं ते असं. अशा जागी इंटरडेंटल ब्रश आणि पाण्याचा फवारा हेच बरं.

वॉटर फ्लॉसर म्हणजे तो फवारा. बेसिनवर वाकून, कोमट पाण्याने, सगळ्यात कमी दाबावर सुरू करा आणि सवय झाली की मध्यम दाबापर्यंत जा. नळी दाताशी काटकोनात धरा. धार हिरडीच्या खोबणीत खोलवर रोखू नका. अन्नाचे कण आणि सैल पापुद्रा यातून जातो. घट्ट चिकटलेला थर जात नाही, त्यामुळे फवारा ब्रशच्या जोडीने वापरायचा, ब्रशऐवजी नाही.

पेस्ट, मंजन आणि घरगुती उपाय

नुकसान सगळ्यात जास्त इथे होतं, तेही चांगल्या हेतूने. कॅपवर भट्टीत भाजलेली काचेसारखी चकाकी असते, आणि डाग घसरून जातो तो तिच्यामुळे. खरखरीत मंजनाने ती घासली गेली की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पूर्वी महिन्यात पडणारा डाग आठवड्यात पडू लागतो. मग माणूस आणखी जोरात घासतो. कॅप पांढरी पण निस्तेज, मॅट दिसू लागली असेल तर हेच झालेलं असतं. डॉक्टर रबराची चाकं आणि हिऱ्याच्या पेस्टने तिला पुन्हा पॉलिश करू शकतात. घरी यावर काही उपाय नाही.

म्हणून लाल दंतमंजन, कोळशाची पावडर, मीठ बोटाने चोळणं, वीटकरीची पूड आणि राख हे सगळं बंद. लाल मंजनात गेरू असतो, तो घासतो आणि कंपोझिटच्या कडांना रंगही लावतो. ‘स्मोकर्स’ किंवा ‘व्हाइटनिंग’ लिहिलेल्या पेस्ट बहुधा जास्त घर्षणाच्या असतात. खाण्याचा सोडा स्वतः तसा मऊ आहे, पण त्यात लिंबू पिळून लावायची पद्धत वाईट: लिंबाच्या आम्लाने शेजारच्या खऱ्या दातांचं एनॅमल झिजतं. कडुनिंबाची काडी खऱ्या दातांना चालेल, पण तिचे धागे कडक असतात आणि इम्प्लांटभोवतीच्या हिरडीची पकड आधीच कमकुवत असते. तेलाच्या गुळण्या करायच्या तर करा, डाग त्यांनी निघणार नाही.

साधी, कमी घर्षणाची, सोडियम फ्लोराइड असलेली पेस्ट घ्या. दाणे जाणवणार नाहीत अशी. इम्प्लांटला फ्लोराइडची गरज नाही पण बाकीच्या दातांना आहे. दवाखान्यात लावतात ते १.२३ टक्क्यांचं आम्लयुक्त फ्लोराइड जेल मात्र चिनी मातीची चकाकी खाऊन टाकू शकतं, टायटॅनियमलाही ते चांगलं नाही. फ्लोराइड लावायची वेळ आली तर ‘माझ्या तोंडात इम्प्लांट आहे, आम्ल नसलेलं वापरा’ असं आधीच सांगा. स्टॅनस फ्लोराइडच्या पेस्टने काहींच्या दातांवर तपकिरी छटा येते. तसं झालं तर पेस्ट बदला.

माउथवॉशचा डाग

शस्त्रक्रियेनंतर ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं जातं. जंतूंवर ते प्रभावी आहे, पण दातांवर आणि जिभेवर तपकिरी डाग पाडण्यात त्याचा हात धरणारं दुसरं औषध सापडणार नाही. चहा-कॉफीतली टॅनिन त्याच्याशी जोडली जातात आणि दातावर घट्ट बसतात. १० मिलिलिटर, एक मिनिट, दिवसातून दोनदा, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरतंच, म्हणजे साधारण दोन आठवडे. बाटली उरलीय म्हणून महिनोन्‌महिने वापरू नका. पेस्टने घासल्यावर किमान अर्धा तास थांबून मग चूळ भरा, कारण पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने औषधाचा जोर कमी होतो. त्यानंतर तासभर चहा नको. एवढं करूनही डाग पडलाच तर घाबरू नका, तो वरचा असतो आणि पॉलिशिंगला निघतो.

खाणंपिणं

चहा सोडा असं सांगण्यात अर्थ नाही. एक कप तासभर घोट घोट पिण्यापेक्षा एकदाच पिऊन टाका आणि लगेच साध्या पाण्याची चूळ भरा. हळदीचा पिवळा रंग अॅक्रिलिकवर आणि कंपोझिटवर बसतो, चकाकी शाबूत असलेल्या कॅपवर फारसा नाही. रश्श्याच्या जेवणानंतर चूळ भरली तरी बराचसा जातो. लोहाचं पातळ टॉनिक घेत असाल तर स्ट्रॉने घ्या, नाहीतर काळे डाग पडतात.

तंबाखूचं मात्र वेगळं आहे. मशेरी, गुटखा, विडी, सिगारेट, पानातला काथ, या सगळ्यांनी दात रंगतात. पण तंबाखूमुळे इम्प्लांट निकामी होण्याचा धोकाही वाढतो. त्यात सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि सुजेतही रक्त कमी येतं, म्हणजे धोक्याची खूणच लपते. दात स्वच्छ करायचं मंजन म्हणून मशेरी लावणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आवर्जून सांगा. इम्प्लांटच्या कडेला दाबून ठेवलेली तंबाखूची गोळी रंगाच्या कितीतरी पलीकडचं नुकसान करते.

काढता येणारी कवळी असेल तर

इम्प्लांटच्या बटणांवर बसणारी कवळी रोज रात्री काढा. बेसिनमध्ये पाणी भरून किंवा खाली टॉवेल अंथरून धुवा, म्हणजे हातातून सटकली तरी फुटणार नाही. धुवायला मऊ ब्रश आणि भांडी घासायचा सौम्य द्रव साबण. टूथपेस्टने अॅक्रिलिकवर ओरखडे पडतात. पाणी कोमट हवं, गरम पाण्याने कवळी वाकडी होते. कवळी भिजवायच्या गोळ्या पाकिटावर लिहिलेल्या वेळेपुरत्याच वापरा. कपड्यांचं ब्लीच नको, आतले धातूचे भाग गंजतात. तोंडातली बटणंही मऊ ब्रशने चहूबाजूंनी घासायची असतात, हे बरेच जण विसरतात. कवळी सैल वाटू लागली तर आतल्या नायलॉनच्या चकत्या झिजल्या असतील. त्या बदलून मिळतात.

अख्ख्या जबड्याचे फिक्स दात असतील तर त्यांच्याखालून सुपरफ्लॉस आणि फवारा रोज फिरायलाच हवा. गरज पडली तर डॉक्टर स्क्रू काढून सगळी पट्टी बाहेर काढतात, धुतात आणि परत बसवतात.

दवाखान्यातली सफाई

दर सहा महिन्यांनी जा. मधुमेह असेल, पूर्वी हिरड्यांचा आजार झाला असेल किंवा तंबाखू सुटलेली नसेल, तर दर तीन-चार महिन्यांनी. खुर्चीत बसल्याबरोबर कोणता दात इम्प्लांटचा आहे ते सांगा. खऱ्या दातांचं स्केलिंग करायची स्टीलची टोकं टायटॅनियमवर चरे पाडतात. इम्प्लांटला प्लास्टिकची, कार्बनची किंवा टायटॅनियमचीच टोकं वापरतात. ग्लायसिन किंवा एरिथ्रिटॉलच्या बारीक पावडरीच्या फवाऱ्याने डाग आणि पापुद्रा दोन्ही जातात, चकाकी राखून. जाड प्युमिसची (घासणाऱ्या दगडी पुडीची) पेस्ट नको, हे विनम्रपणे सांगायला हरकत नाही. कॅप बसवल्या दिवशी एक छोटा एक्स-रे आणि नंतर दरवर्षी एक, असे काढलेले असले की हाड कुठे होतं आणि कुठे आहे ते ताडून पाहता येतं.

एवढी खबरदारी का, ते समजून घ्या. खऱ्या दाताला हाडाशी बांधणारे तंतू असतात, आणि हिरडीचेही धागे मुळात आडवे शिरलेले असतात. इम्प्लांटभोवती ते धागे नुसते समांतर टेकलेले असतात. वाटेत अडथळा कमी, त्यामुळे जंतू खाली लवकर उतरतात, आणि दुखणं जवळजवळ जाणवतच नाही. सूज फक्त हिरडीत असेपर्यंत सफाईने ती पूर्ण बरी होते. हाड झिजायला लागलं की गेलेलं हाड परत आणणं फार कठीण. १९६५ साली स्वीडनमध्ये संशोधक ब्रोनेमार्क यांनी ज्या पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, त्याच्या तोंडात ते चाळीस वर्षांहून जास्त, त्याच्या मृत्यूपर्यंत काम करत होते. स्क्रूची तेवढी ताकद असते. प्रश्न भोवतालच्या हिरडीचा आणि हाडाचा असतो.

म्हणून पुढच्या तपासणीची वाट न पाहता कधी जायचं ते सांगतो: दोन आठवडे नीट सफाई करूनही ब्रश लावताच दरवेळी रक्त येतंय, हिरडी दाबली की पू येतोय, त्या जागेचा वास येतोय, हिरडी खाली उतरतेय, किंवा कॅप हलतेय. कॅप हलते तेव्हा बऱ्याचदा आतला स्क्रू सैल झालेला असतो आणि तो घट्ट करता येतो. पण तसंच चावत राहिलात तर स्क्रू तुटतो. त्या बाजूने खाणं बंद करा. कॅप निघाली तर बारीक भागांसह डबीत घालून न्या, घरच्या गोंदाने चिकटवू नका.

आणि इम्प्लांट बसवल्यावर मिळालेलं कार्ड जपून ठेवा. त्यावर कंपनी, माप आणि तारीख असते. कॅप कशाची आहे, स्क्रूची की सिमेंटची, हे त्यावरच पेनाने लिहा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूला वेगळा स्क्रूड्रायव्हर लागू शकतो. गाव बदललं, डॉक्टर बदलले, तर नव्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच पडतो.